अपॉस्ट्रॉफीचा मालक कोण?

(व्याकरणावरच्या लोकप्रिय पुस्तकांची चिकित्सा करणाऱ्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीला एक छोटासा खेळ करू. मी तीन इंग्रजी शब्द उच्चारतो, तुम्ही फक्त ऐका. बॉइज. बॉइज. बॉइज. पहिल्याचा अर्थ पुष्कळ मुलगे. दुसऱ्याचा अर्थ एका मुलाचा, मुलाची किंवा मुलाचं. तिसऱ्याचा अर्थ पुष्कळ मुलांचा, मुलांची, मुलांचं. आता सांगा, फरक ऐकू आला का? नाही ना? मला वाटलंच. कारण तो फरक कानासाठी नाहीच, फक्त डोळ्यासाठी आहे. शब्दांकन करणाऱ्या मित्रांना इथे अडचण येणार, म्हणून त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. पहिला नुसता 'बॉइज' लिहा. दुसऱ्यात एसच्या आधी वरच्या बाजूला ती शेपटी द्या, 'बॉय’ज'. तिसऱ्यात एसच्या नंतर, 'बॉइज’'.

ही शेपटी म्हणजे अपॉस्ट्रॉफी. आजचं पुस्तक प्रामुख्याने तिच्यामुळे गाजलं. लिन ट्रस या ब्रिटिश लेखिकेचं 'ईट्स, शूट्स अँड लीव्ज'. २००३ साली ब्रिटनमध्ये आलं, आणि विरामचिन्हांवरचं पुस्तक असूनही तिथे आणि पुढे अमेरिकेत तुफान खपलं. नावातला विनोद स्वल्पविरामाचा आहे. पांडा कोंब आणि पानं खातो, असं साधं वाक्य. त्यात एक स्वल्पविराम चुकून पडला की पांडा खातो, गोळ्या झाडतो आणि निघून जातो.

आधी पुस्तकाचं जे चांगलं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. ट्रसबाई विनोदी लिहितात. स्वल्पविराम, अर्धविराम यांसारख्या रुक्ष विषयावर माणसं रात्री जागून वाचतील, असं पुस्तक लिहिणं सोपं नाही. अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची याची त्यांनी दिलेली यादी आटोपशीर आहे आणि बहुतांश बरोबर आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी ती वाचली तर फायदाच होईल. म्हणजे माझी तक्रार माहितीबद्दल नाही. माझ्या तक्रारी दोन आहेत. एक रागाबद्दल, आणि दुसरी त्या रागामुळे जे दिसेनासं होतं त्याबद्दल.

रागापासून सुरुवात करू. पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'झिरो टॉलरन्स' आहे. हा शब्द कुठला? पोलिसांच्या बंदोबस्तातला. चुकीला क्षमा नाही, असा. 'इट्स' या शब्दात नको तिथे अपॉस्ट्रॉफी देणाऱ्यांसाठी तर बाईंनी चक्क मृत्युदंडाची भाषा वापरली आहे. विनोदाने, हे मला कळतं. पण विनोद कुणाकडे बोट दाखवून केला जातो, हे बघावं लागतं. भाजीवाल्याच्या पाटीवरची चूक, दुकानाच्या फलकावरची चूक, सिनेमाच्या जाहिरातीतली चूक. हसणारा नेहमी चांगल्या शाळेत शिकलेला आणि ज्याला हसायचं तो फारसा न शिकलेला. ही विभागणी पुस्तकभर आहे.

आता प्रश्न असा, की ज्या नियमासाठी एवढा राग, तो नियम आहे तरी किती जुना? आणि आला कुठून?

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, नामांना संस्कृतसारख्या विभक्ती होत्या. पुष्कळशा पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांच्या षष्ठीला 'एस' असा प्रत्यय लागायचा, आणि त्यात एक स्वर ऐकू येत असे. आपल्या 'रामस्य'मधला 'स्य' आणि हा प्रत्यय दूरचे नातेवाईक आहेत. स्त्रीलिंगी नामांना बहुधा हा प्रत्यय लागत नसे. त्याचे अवशेष आजही सापडतात. पंचवीस मार्चच्या ख्रिस्ती सणाला 'लेडी डे' म्हणतात, चर्चमधल्या मेरीच्या दालनाला 'लेडी चॅपल'. तिथे एस नाही, कारण मुळात नव्हताच. पुढे बाकीच्या विभक्ती झिजून गेल्या आणि हा एक एस तेवढा टिकला, मग तो सगळ्याच नामांना लागू लागला.

यात अपॉस्ट्रॉफी कुठे आहे? कुठेच नाही. ती सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईतून इंग्रजीत आली, आणि तिचं काम एकच होतं: इथे एखादं अक्षर गळलंय, हे दाखवणं. षष्ठीशी तिचा संबंध नव्हता. १६२३ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या पहिल्या फोलिओत 'द विंटर्स टेल' हे नाव अपॉस्ट्रॉफीशिवाय आहे, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' सुद्धा. आज एखाद्या विद्यार्थ्याने ही नावं तशी लिहिली तर आपण लाल शाई वापरू.

मग हळूहळू छापणाऱ्यांनी षष्ठीच्या एसआधी ती शेपटी द्यायला सुरुवात केली. प्रत्ययातला स्वर गळलाय, तो दाखवण्यासाठी. त्यात एका गोड गैरसमजाचीही भर पडली. लोकांना वाटू लागलं की हा एस म्हणजे 'हिज' या शब्दाचं आखूड रूप असणार. 'द किंग हिज हॉर्स', राजा त्याचा घोडा, यावरून 'द किंग’स हॉर्स'. बेन जॉन्सनच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचं नावच 'सिजेनस हिज फॉल' आहे, म्हणजे सिजेनसचा अधःपात. ही समजूत बरीच वर्षं टिकली. १७५५ साली कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी तिच्यातली खोट दाखवली. स्त्रीच्या बाबतीतही एसच लागतो ना, मग तिथे 'हिज' कसा असेल? आणि अनेकवचनी षष्ठीत एसनंतर शेपटी द्यायची, हा नियम तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच स्थिरावला. म्हणजे आपल्याकडे पेशवाई शेवटाला येत होती, तेव्हा हा नियम बाळसं धरत होता.

आणि ज्या 'इट्स'वरून मृत्युदंड, त्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये 'इट्स' हा षष्ठीचा शब्द नाही. तो तेव्हा नवखा होता. पुढे रुळला तेव्हा दीडशे-दोनशे वर्षं शिकलेली माणसं त्यात अपॉस्ट्रॉफी देत होती. आज ज्याला चूक म्हणतात, ते तेव्हा शिष्ट लेखन होतं.

ट्रसबाईंना हा इतिहास माहीत नाही असं नाही बरं का. त्या थोडक्यात तो सांगतातही. पण सांगून पुढच्याच पानावर पुन्हा लाठी उगारतात. माझा आक्षेप इथे आहे. नियम छापखान्यात घडला, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी घडला, हे एकदा मान्य केलं, की तो मोडणाऱ्याला आपण अडाणी म्हणू शकत नाही. फार तर म्हणू, भाऊ, सध्याचा रिवाज असा आहे.

आणि तो रिवाज तरी एकसारखा आहे का? लंडनच्या भुयारी रेल्वेत 'अर्ल्स कोर्ट' या स्टेशनच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे. त्याच मार्गावर जवळच असलेल्या 'बॅरन्स कोर्ट'मध्ये नाही. अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं सरकारी मंडळ १८९० साली स्थापन झालं, त्याचं धोरण नावांतून ही शेपटी काढण्याचं. अपवाद बोटांवर मोजण्याइतके. 'मार्थाज व्हिनयार्ड' या बेटाला ती १९३३ साली परत मिळाली. 'वॉटरस्टोन्स' या ब्रिटनमधल्या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ साली आपल्या नावातून ती काढून टाकली, तीही पुस्तकविक्रेत्यांनी! ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९१० सालच्या 'हॉवर्ड्स एंड'मध्ये ती नाही, जेम्स जॉइस यांच्या १९३९ सालच्या 'फिनेगन्स वेक'मध्ये तर मुद्दाम नाही.

सगळ्यात गंभीर उदाहरण न्यायालयातलं आहे. २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर कॅन्सस राज्याच्या फाशीच्या कायद्याचा खटला होता. पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस 'कॅन्ससचा कायदा' हे लिहिताना शेवटच्या एसनंतर नुसती शेपटी देतात. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती सूटर शेपटी देऊन आणखी एक एस जोडतात. एकाच खटल्याच्या कागदपत्रांत एकाच शब्दाची दोन लेखनं! माणसाच्या जिवाचा प्रश्न होता आणि तिथल्या सर्वोच्च न्यायाधीशांचं षष्ठीवर एकमत नव्हतं. त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही. बरोबरच आहे. पण मग भाजीवाल्याला का म्हणायचं?

हा झाला पहिला मुद्दा. आता दुसरा, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. चिन्हावर एवढा जीव लावल्यामुळे ट्रसबाईंच्या पुस्तकातून, आणि आपल्या शाळेतल्या व्याकरणातूनही, खरं व्याकरण निसटतं.

आपल्याकडे हा धडा 'पझेसिव्ह' म्हणून शिकवला जातो. मराठीत सांगताना स्वामित्व, मालकी. पण उदाहरणं बघा. 'टुडेज न्यूजपेपर', आजचं वर्तमानपत्र. आज हा दिवस वर्तमानपत्राचा मालक आहे का? 'द एनिमीज डिफीट', शत्रूचा पराभव. पराभव काय शत्रूच्या मालकीचा असतो? 'रवीज फोटो' म्हणजे रवीने काढलेला, रवीच्या खिशातला, की रवी ज्यात दिसतो तो? तिन्ही. तेव्हा हा एस मालकी दाखवत नाही. दोन नामांमध्ये काहीतरी संबंध आहे, एवढंच तो सांगतो. कोणता संबंध, ते आपण आपल्या अकलेने ओळखायचं.

हे आपल्या परंपरेला नवं नाही. पाणिनीने सहा कारकं सांगितली, त्यांत षष्ठी नाही. बाकीच्या विभक्तींनी जे सांगून झालं, त्याखेरीज जे संबंध उरतात, ते षष्ठीकडे. मराठी व्याकरणकारांनीही 'चा-ची-चे' हे रूप विशेषणासारखं वागतं, हे ओळखलं होतं. म्हणजे इंग्रजीतल्या 'मालकी' या शब्दापेक्षा आपल्या जुन्या पंडितांचा 'संबंध' हा शब्द जास्त अचूक होता. आणि आपण काय केलं? इंग्रजी शिकवताना अचूक शब्द टाकून चुकीचा घेतला.

दुसरी निसटलेली गोष्ट. हा एस आता शब्दाला लागतच नाही, तो शब्दसमूहाला लागतो. 'द किंग ऑफ इंग्लंड’स डॉटर' बघा. एस चिकटलाय इंग्लंडला, पण मुलगी राजाची. पूर्वी असं नव्हतं. चौदाव्या शतकातल्या चॉसरची 'बाथच्या बायकोची गोष्ट' प्रसिद्ध आहे. जुन्या हस्तलिखितांत तिचा शब्दक्रम 'वाइफ’स टेल ऑफ बाथ' असा येतो, बायकोची गोष्ट, बाथच्या. तेव्हा एसला आपल्या नामाला सोडवत नव्हतं. आज तो सुटून समूहाच्या टोकाला जाऊन बसतो. 'राम अँड सीता’स हाउस' म्हणजे दोघांचं मिळून एक घर. दोघांची वेगवेगळी घरं असतील तर दोघांनाही एस लावायचा.

आता गंमत बघा. आपला 'चा' काय करतो? 'राम आणि सीतेचं घर.' इथेही 'चं' शेवटच्यालाच. मराठी मुलाला हा समूहप्रत्यय जन्मापासून येतो! आणि त्याहून अवघड गोष्टीही येतात. 'माझ्या मित्राच्या बायकोच्या भावाची गाडी.' यात प्रत्येक नामाचं सामान्यरूप झालंय, 'चा'चा 'च्या' झालाय, आणि शेवटचा 'ची' गाडीच्या लिंगाप्रमाणे आलाय. इंग्रजी एसला यातलं काही करावं लागत नाही. तो घोड्यालाही तोच, गाडीलाही तोच. जे मूल हे वाक्य न अडखळता बोलतं, त्याला इंग्रजी षष्ठी जमत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा न जमणारी गोष्ट व्याकरण नसते. ती शेपटी असते.

इथे मला एक प्रसंग सांगायचाय. तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमात शिकलेली माझी एक विद्यार्थिनी. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत तिने नोकरीचा अर्ज केला. मुलाखतीत तिच्यासमोर तिचाच अर्ज ठेवला. 'चिल्ड्रन्स' या शब्दाभोवती लाल गोल. तिने शेपटी एसच्या नंतर दिली होती. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, पदवीधर आहात ना? पुढचं तिला काही बोलता आलं नाही. रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, पण तुम्हीच तर शिकवलं होतं. एकवचन असेल तर एसच्या आधी, अनेकवचन असेल तर एसच्या नंतर. चिल्ड्रन अनेकवचनच आहे ना?"

मंडळी, ती चुकली नव्हती. तिने मी दिलेला नियम तंतोतंत पाळला होता. नियम चुकीचा होता, आणि तो मी दिला होता. पंचवीस वर्षं मी तो फळ्यावर लिहित आलो होतो. त्या दिवसानंतर बदलला.

आता मी असं सांगतो. आधी विचारा, कुणाचं? उत्तर पूर्ण लिहा. 'चिल्ड्रन.' त्याला शेपटी द्या, मग एस. झालं. कुणाचं? एका मुलाचं, 'बॉय'. शेपटी, एस. कुणाचं? पुष्कळ मुलांचं, 'बॉइज'. शेपटी द्या, आणि एस आधीच आहे म्हणून नवा नको. एकवचन-अनेकवचन असा विचारच करायचा नाही. ज्याचं आहे त्याचं नाव पूर्ण लिहायचं आणि त्याच्या मागे शेपटी. जेम्ससारख्या एसकारान्त विशेषनामाला आणखी एक एस द्यायचा की नाही, हे ज्या त्या प्रकाशकाच्या पद्धतीप्रमाणे. वर न्यायमूर्तींचं पाहिलंच. आणि 'इट्स'साठी एकच कसोटी: तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून पाहा. जमलं तर शेपटी, नाही तर नाही.

आपल्या 'चा'ची मदत घ्या, पण डोळे उघडे ठेवून. 'सोन्याची अंगठी', 'पुण्याचा माणूस', 'चहाचा कप' यांत मराठीत 'चा-ची' आहे, पण इंग्रजीत एस येत नाही. आपला 'चा' घटकद्रव्य, गाव, उपयोग सगळं पोटात घेतो. इंग्रजी एसचं पोट लहान आहे. शाळेत आणखी एक नियम सांगतात, की निर्जीव वस्तूला एस लावायचा नाही, 'ऑफ' वापरायचा. तो अर्धाच खरा. 'द शिप्स क्रू', 'इंडियाज पॉप्युलेशन', 'अ डेज वर्क' रोज छापलं जातं. कल इतकाच, की माणूस किंवा लहान, ओळखीचं नाम असेल तर एस जवळचा वाटतो, आणि लांबलचक समूह असेल तर 'ऑफ'.

उलट दिशेचं नुकसानही होतंय, ते जाता जाता सांगतो. इंग्रजी 'हॅव' सगळ्याला चालतो, म्हणून हल्ली कानावर येतं, "माझ्याकडे दोन भाऊ आहेत." अहो, भाऊ 'माझ्याकडे' नसतात, 'मला' असतात. पैसे माझ्याकडे असतात. मराठीने नातं आणि वस्तू यांतला फरक व्याकरणातच जपलाय. तो घालवून मालकीचा एकच साचा सगळीकडे वापरायला लागलो, तर ते नुकसान चुकलेल्या अपॉस्ट्रॉफीहून कितीतरी मोठं आहे. त्यावर कुणी पुस्तक लिहिलं तर मी पहिली प्रत घेईन.

शेवटी एक गोष्ट. २००१ साली जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने ब्रिटनमध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली. २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी ती बंद केल्याचं जाहीर केलं. लोकांना पर्वा राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे इतरांनी ती पुन्हा चालू केली. मला त्या वृद्ध गृहस्थांबद्दल आदर आहे. पण आपल्या रस्त्यावर 'लेडीज टेलर' आणि 'बॉइज होस्टेल' असे फलक देवनागरीत लिहिलेले आहेत. त्यांत शेपटी नाही, आणि आजवर कुणी चुकीच्या दारात शिरलेलं मी पाहिलेलं नाही.

याचा अर्थ अपॉस्ट्रॉफी सोडून द्या, असं मी सांगत नाही. अर्जात ती नीट द्या, कारण तुमचा अर्ज वाचणारा माणूस ती बघतो. सभ्य कपडे घालून मुलाखतीला जावं, तसं. पण कपडे म्हणजे माणूस नव्हे. ट्रसबाईंचं पुस्तक जरूर वाचा, हसा, यादी पाठ करा. फक्त तो राग घरी आणू नका. आणि कुणाच्या हातात लाल पेन असेल, तर गोल करण्याआधी स्वतःला एकदा विचारा, ही चूक त्या मुलीची आहे, की आपण तिला शिकवलेल्या नियमाची?

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.